खडूस, खाष्ट की करडा?

नौदलातल्या आमच्या इंजिनरूमच्या चीफबद्दल लिहायला बसलोय आणि विशेषणापाशी अडलोय. बोलणं तुटक, कपाळावर कायम आठ्या, शाबासकी कधी नाही. पण वॉच (ड्यूटीची पाळी) त्यांच्यासोबत लागला की आम्ही निर्धास्त.

‘खडूस’ आधी तोंडात येतो, पण खडूस माणसाला लोक टाळतात, मानत नाहीत. ‘खाष्ट’मध्ये छळ आला. ‘तिरसट’ माणूस कधी बिघडेल सांगता येत नाही, हे तर रोज सारखेच. ‘फटकळ’ जवळचा, पण त्याला बोलायची हौस असते.

‘फणसासारखे, वरून काटेरी आतून गोड’ असंही सर्रास लिहितात. ते मला मुळीच पटत नाही. कडकपणा म्हणजे नुसती साल, खरा माणूस आत वेगळाच, असा त्याचा अर्थ होतो. चीफचा कडकपणा हीच त्यांची माया होती. जुन्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटी (युद्धनौका) वाफेवर चालायच्या. टर्बाइनकडे जाणारी वाफ ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते आणि ती गळू लागली तर डोळ्यांना दिसत नाही. पांढरा ढग दिसतो तो पुढे, वाफ निवून तिचे थेंब झाल्यावर. आधी नुसती शीळ ऐकू येते आणि इंजिनरूमच्या गोंगाटात ती नेमकी कुठून येते ते कळत नाही. म्हणून झाडू पुढे धरून चालायचं, म्हणजे झोत आधी झाडूला लागतो. एक नवा पोरगा हातानेच चाचपत निघाला होता. चीफनी त्याला कॉलरला धरून मागे ओढलं, ‘हाथ घर लेके जाना है ना?’ एवढंच म्हणाले आणि झाडू त्याच्या हातात दिला.

म्हणून माझं मत ‘करडा’ला. करडी नजर, करडी शिस्त आपण म्हणतोच, माणसालाही तो शोभतो. करड्या माणसाबद्दल कुरकूर असेल, पण त्याच्या हेतूबद्दल शंका नसते.

राहिलं नाम. ‘धाक’ समोर असेपर्यंतच. ‘जरब’ आवाजात किंवा नजरेत असते. ‘वचक’ बसवावा लागतो. ‘दरारा’ मात्र माणूस नसतानाही असतो. चीफ रजेवर असले तरी गेज न बघता लॉगमध्ये आकडा भरायची कुणाची छाती नव्हती. ‘आदरयुक्त भीती’ हा जोड मी टाळेन. भीती त्यांची नव्हती, त्यांच्या नजरेत आपलं काम ढिलं ठरेल याची होती.

तेव्हा ‘करडे गृहस्थ, पण दरारा असा की...’ इथवर आलोय. मच्छीमार बोटीवरच्या तांडेलासाठी कोळी बोलीत याच छटेचा एखादा शब्द असेल, तर जाणकारांनी वाक्यात वापरून सांगावा.