हाकोनेची पेटी पावसात अडून बसली आहे, नथ आत आहे

बडोदेकर_वहिनी
नमस्कार मंडळी. आमचे धाकटे दीर कंपनीच्या कामाला जपानला गेले होते. तिथल्या हाकोनेहून त्यांनी एक लाकडी पेटी आणली. अंगभर रंगीत चौकटी-चांदण्यांची नक्षी, कडी नाही, कुलूप नाही, झाकण कुठल्या बाजूला तेही कळत नाही. फळ्या ठरावीक क्रमाने 21 वेळा सरकवल्या की उघडते म्हणे. क्रमाचा कागद भाऊजींनी विमानातच टाकला. (पासपोर्ट घरी आला हेच नशीब.)

उन्हाळ्यात माझा मुलगा ती बोलता बोलता उघडायचा. ते बघून सासूबाईंनी हौसेने त्यात नथ ठेवली. आता गौरी तोंडावर आल्यात आणि पेटी ढिम्म. टोकाची फळी जराशी खाली येते, वरची केसभर सरकते, पुढे काही नाही. मुलगा हॉस्टेलला. फोनवर म्हणतो, "हाताला येतं गं, तोंडाने सांगता येत नाही." घर दांडिया बाजारातलं, जुनं, भिंतींना ओल. यजमान पेचकस घेऊन बसलेत, मी थोपवून धरलंय.

आणखी एक. पेटी हलवली की दोन वेगवेगळ्या जागी खुळखुळतं. नथ तर एकच आहे!

ग्वाल्हेरी_काका
सोपं आहे. फटींत दोन थेंब खोबरेल सोडा आणि हेअर ड्रायर फिरवा. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरातलं कपाट दर श्रावणात असंच रुसतं.

रंधा_पटाशी
काका, कपाटाचं ठीक आहे, या पेटीला तेल दाखवूसुद्धा नका. लाकूड तेल पितं, त्यावर धूळ बसते आणि फटीत चिकटा तयार होतो. ड्रायरने वरचा थर आधी सुकतो, आतलं लाकूड मागे राहतं आणि नक्षी उकलते.

वहिनी, पेचकस आधी माळ्यावर टाका. ती नक्षी रंगवलेली नाही. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून ठोकळा करतात, ठोकळ्यावर रंधा मारून कागदासारखा पातळ पापुद्रा काढतात आणि तो पेटीवर बसवतात. या कामाला योसेगी म्हणतात, पेटीला हिमित्सु-बाको. हाकोनेतल्याच हाताजुकू गावात 19व्या शतकापासून हे काम चालत आलंय. पेचकसाचं टोक घुसलं की पापुद्रा गेलाच, आणि तसा तुकडा बडोद्यात कोणी जोडून देणार नाही. मी मकरपुऱ्याला फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात उभी हयात घालवली. अर्ध्या मिलिमीटरसाठी शिव्या खाल्ल्यात, म्हणून हक्काने सांगतोय.

पेटी बिघडलेली नाही, फुगली आहे. लाकूड पावसाळ्यात लांबीला जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडव्या अंगाला वाढतं. या फळ्या एकमेकींच्या खाचांत जेमतेम फटीवर चालतात, तेवढी फट भरली की संपलं. झाकणाच्या मोठ्या डब्यात पेटी ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या भरपूर पुड्या, आणि आठवडाभर डबा उघडू नका. गौरींना तेवढे दिवस आहेत ना? ऊन अजिबात नको.

मग टेबलावर मऊ फडकं घालून पेटी त्यावर ठेवा. हातात धरली की आपण नकळत आवळतो, फळ्या आत दाबल्या जातात आणि आपणच ब्रेक लावतो. अंगठ्याच्या पेराने हलकेच ढकला. टोकाची फळी थोडी उतरली की वरची किंवा खालची थोडी मोकळी होते, ती सरकली की टोकाची आणखी थोडी. एका टोकाला अडलं तर तिथे जोर न लावता समोरच्या टोकाला जा. एवढ्या चालींच्या पेटीत दोन्ही टोकं बहुधा आळीपाळीने चालतात. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवा, बंद करताना हाच क्रम उलटा लागतो.

खुळखुळीचं म्हणाल तर पेटी उघडल्यावर आत एक काडी उभी धरा, काठापाशी खूण करा आणि तीच काडी बाहेरून लावून बघा. तळाची फळी पातळ असते. फरक बोटभर आला तर खाली चोरकप्पा आहे. तो झाकण पूर्ण निघाल्यावरच मोकळा होतो, टोकाची फळी तेव्हा आणखी थोडी सरकते.

बडोदेकर_वहिनी
रंधा-पटाशी काका, नथ मिळाली! यजमानांनी डब्याला बाहेरून "उघडू नये" अशी चिठ्ठी लावली होती आणि तेच रोज झाकण उघडून बघत होते. तरी समोरच्या टोकाची फळी सुळकन् उतरली. काडीत फरक आला, अंगठ्याएवढा. खालचा खण ओढला तर त्यात भोकाचं पिवळं 5 येनचं नाणं आणि एक पेन ड्राइव्ह. मुलाला फोन केला. क्षणभर गप्प, मग म्हणे, "आई, ते होतं तसं ठेव आणि बाबांना व्हिडिओ दाखवू नकोस."

ग्वाल्हेरी_काका
पेन ड्राइव्हमध्ये काय निघालं?

बडोदेकर_वहिनी
बघितलं नाही. सासूबाईंचा मात्र हट्ट आहे की नथ पुन्हा त्याच पेटीत, पण खालच्या खणात ठेवायची. रंधा-पटाशी काका, फळ्यांच्या कडांना मेणबत्तीचं मेण चालेल का?

रंधा_पटाशी
आता नको. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बघू, तेही फळी अडखळली तरच. तोवर डब्यातल्या पुड्या बदलत राहा, आणि सासूबाईंना सांगा, गौरी उठेपर्यंत नथ नाकातच बरी.