आईला स्मृतिभ्रंश आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न – सांगलीची लेक

माझ्या आईचे वय ७९ असून चार वर्षांपूर्वी तिला अल्झायमरचे निदान झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर पूर्ण पिकून पांढरा दिसतो. गेल्या दिवाळीपर्यंत ती रोज सुपातले तांदूळ निवडत असे. आता सूप पुढ्यात ठेवले तरी ती नुसता हात फिरवत बसते, आणि हे विसरल्यामुळे होते की दिसत नसल्यामुळे, हे आम्हाला कळेनासे झाले आहे. संध्याकाळी कोपऱ्यातल्या छत्रीकडे बोट दाखवून ती "तो कोण उभा आहे?" असे विचारते. नेत्रतज्ज्ञ म्हणतात की शस्त्रक्रिया करता येईल, परंतु ती टेबलावर स्थिर पडून राहिली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागेल. भावाचे म्हणणे, या वयात तिचे हाल कशाला? मला मात्र तिला असे अंधारात ठेवणे हेही हालच वाटतात. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ – नाशिककर

ताई, आमच्या अण्णांची शस्त्रक्रिया नुसत्या थेंबांची भूल देऊन झाली. प्रत्यक्ष काम वीस मिनिटांत आटोपले. अवघड होते ते तोंडावर कापड घेऊन निश्चल पडून राहणे. म्हणून आठवडाभर आधीपासून आम्ही रोज दुपारी त्यांना उताणे निजवून, तोंडावर पातळ पंचा घालून, हात धरून बसत होतो. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत पंचा भिरकावला गेला. पाचव्या दिवशी ते पंच्याखालीच घोरू लागले. शस्त्रक्रियेच्या वेळी हात धरायला मला आत येऊ दिले, पण सगळीकडे देतातच असे नाही, म्हणून आधी विचारून ठेवा.

खरी परीक्षा नंतर होती. थेंबांचे वेळापत्रक महिनाभर चालले, आणि रात्री डोळ्यावर चिकटवलेले प्लास्टिकचे कवच ते ओढून काढत, त्यामुळे पहिल्या चार रात्री आम्ही नवराबायको पाळीपाळीने जागलो. विस्मरण तसूभरही कमी झाले नाही, हे स्पष्ट सांगतो. मात्र ताटातले पदार्थ ओळखून ते पुन्हा आपल्या हाताने जेवू लागले आणि न्हाणीघराच्या उंबरठ्याशी अडखळणे थांबले. आरशात बघून "हा म्हातारा कधी आला?" असेही एकदा विचारले, तेव्हा हसावे की रडावे ते कळेना.

उत्तर २ – नेत्रविभागातील निवृत्त परिचारिका

उजवा डोळा पूर्ण पिकला आहे, हे वाचून लिहिते आहे. "पिकू द्या, मग काढू" हा जुना समज आजही घरोघरी आहे, परंतु फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि क्वचित त्यातील द्रव पाझरून डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो. डोळा लाल होऊन असह्य दुखतो. ज्या रुग्णाला दुखणे सांगता येत नाही तो नुसता चिडतो, जेवण टाकतो, आणि घरचे त्याचा दोष स्मृतिभ्रंशाला देतात. म्हणजे काहीच न करण्यातही धोका आहेच.

पांढऱ्या मोतीबिंदूमागचा डोळ्याचा पडदा (दृष्टिपटल) तपासताना दिसत नाही, म्हणून आधी डोळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी. पडदाच निकामी असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ ठरेल. पूर्ण भुलीनंतर अशा रुग्णांचा गोंधळ काही दिवस वाढू शकतो, हे भूलतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे. दोन्ही डोळे एकाच भुलीत करण्याचा पर्याय काही शल्यचिकित्सक देतात. त्यात दुसरी भूल टळते, पण जंतुसंसर्गाचा धोका एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांना असतो, म्हणून ते प्रत्येक डोळ्यासाठी वेगळी उपकरणे घेतात. मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग साधे, एकाच अंतराचे पुरे. मात्र ते कोणत्या अंतराचे, हे आईंच्या दिवसाकडे पाहून ठरवावे: चष्मा सांभाळणे जमत नसेल, तर ताट, सूप आणि समोरचा चेहरा बिनचष्म्याने दिसणे हे रस्त्यावरची पाटी वाचण्याहून मोलाचे आहे.

छत्रीचा माणूस दिसणे अंधुक नजरेमुळे असू शकते. भरउजेडात, काहीच नसलेल्या जागी माणसे दिसत असतील, तर ते मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर सांगावे.

उत्तर ३ – एक सून

आम्ही सासूबाईंची शस्त्रक्रिया केली नाही. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, तोंड पुसू देत नव्हत्या, आणि भिंगाचे माप घेणाऱ्या यंत्रावर हनुवटी टेकवणेही त्यांना जमले नाही. आम्ही खोलीत भरपूर उजेड केला आणि पांढरा भात गडद रंगाच्या ताटलीत वाढू लागलो. त्या निर्णयाची खंत नाही. खंत आहे ती तीन वर्षे आधीची, जेव्हा त्या स्वतः हो म्हणू शकत होत्या आणि आम्ही "बघू पुढे" म्हणत राहिलो. तुमच्या आई अजून प्रश्न विचारतात, तर एखाद्या निवांत सकाळी त्यांनाच विचारून पाहा.

सांगलीची लेक

सर्वांचे आभार. सोनोग्राफीसाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. आज सकाळी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दिसलं तर बरंच की. पण आधी भाजी निवडून होऊ दे." दुपारी पंच्याचा पहिला प्रयोग केला, तीन मिनिटे टिकली. हात धरून भाऊ बसला होता.