अनुभव धागा : कोल्हापूरची थंडी आणि लाईटबिल

काल पहाटे पाचला उठले तर शहाबादी फरशीवर पाय ठरेना. पुण्याची नणंद म्हणते, "तुमच्याकडं कसली आलीय थंडी?" पण दुपारी पंखा आणि पहाटे हुडहुडी, हे आमच्या कौलारू घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. मागच्या वर्षी १५०० वॅटचा हीटर आणला. रात्री ४ तास लावला की ६ युनिट, महिन्याला १८०. बिल आलं त्याच दिवशी सासऱ्यांनी तो माळ्यावर टाकला. तर जादा खर्च न करता तुम्ही काय करता? ऐकीव नको, स्वतः केलेलं सांगा.

शिवाजी पेठेतून
पांघरायचं सगळे बघतात, अंथरायचं कोणी बघत नाही. निम्मी थंडी खालनं लागते. आमच्यात फरशीवर चटई, तिच्यावर घोंगडं आणि वर वाकळ. घोंगडं नवं होतं तेव्हा टोचायचं, चिंचोक्याच्या खळीचा वासही यायचा. दोन हिवाळ्यांत मऊ पडलं. वाकळ आईच्या जुन्या लुगड्यांची. मधोमध एक हिरवं इरकली ठिगळ आहे, धावदोरा तिथं उसवलाय, तरी धाकटी त्याच्यावरच गाल टेकून झोपते. रोज दहाला वाकळ गच्चीवर उन्हात टाकायची आणि चारच्या आत घडी घालून आणायची. एकदा विसरलो, सहाला आणली, रात्रभर गारच.

राजारामपुरी, तिसरा मजला
पश्चिमेची खिडकी दुपारी सताड उघडी, पाचला बंद. दाराच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी. बास.

करवीर तालुक्यातनं
आमचा बंब अजून चालू आहे. मधल्या नळीत शेणी आणि करवंट्या, भोवतीनं पाणी. चौघांच्या अंघोळी होतात, शिवाय म्हातारा तिथंच शेकत बसतो. चिपाडं मिळाली असती तर बरं झालं असतं, पण गुऱ्हाळवाला ती चुलवणातच घालतो. मग आम्हीच संध्याकाळी चुलवणाजवळ जाऊन बसतो. फुकट ऊब, वर वाटीभर काकवी.

कळंब्याहून, जरा गंभीर
कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारं-खिडक्या लावू नका. आम्ही लावली होती. पहाटे काकूंना उलट्या, माझं डोकं ठणकत होतं, उठून कडी काढायलासुद्धा हातात जोर नव्हता. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो; धूर नाही म्हणून आम्ही निर्धास्त. आता शेगडी अंगणातच.

गंगावेशीतून
तांबडा रस्सा. विषय संपला!

वरच्या भावास
रस्सा उतरला की परत कुडकुडतोस. रात्री हुलग्याचं गरम माडगं पी, लसूण जरा जास्त घालून, आणि कानटोपी घालून झोप.

पुन्हा मी
शिवाजी पेठेचं ऐकून माळ्यावरचं घोंगडं काढलं, दोन दिवस उन्हं दाखवली आणि अंथरलं. फरक आहे, खरंच. फक्त तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ते आपल्या कॉटवर नेलं. दुसरं कुठं मिळेल?

शिवाजी पेठेतून
पट्टणकोडोलीच्या यात्रेत भरपूर असतात ओ, पण ती दिवाळीआधीच झाली. तोवर सासऱ्यांना हीटर परत काढून द्या.