उत्तर: उक्तं की रोजंदारी? आधी रुपया कोणता ते बघा

वरची चर्चा 'जुन्या काळी घर उक्तं (म्हणजे सगळं काम एका ठरलेल्या रकमेत) देत की रोजंदारीवर बांधत' यावरच अडकलीय. मी बडोद्याचा, म्हणून एक भर घालतो. इथल्या जुन्या करारात पहिली मेख रुपयाची. बाबाशाही, म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांचा, रुपया इंग्रजी रुपयापेक्षा उतरत्या भावाचा होता. नुसतं 'रुपये 500' लिहिलं की भांडणाला जागा झालीच! दुसरी मेख मापाची. चोवीस तसूंचा गज (तसू म्हणजे साधारण इंचभराचं जुनं माप), पण तसू तरी कोणाचा?

आमच्या जुन्या घराचा सज्जा दुरुस्त करताना म्हाताऱ्या सुताराने तुळईवर बोट फिरवत तसूतच माप सांगितलं. मी टेपने इंच मोजले, तर शेवटी अर्ध्या बोटाचा फरक! तो शांतपणे म्हणाला, "टेप खोटी नाही साहेब, गज वेगळा."

आणि 1872चा इंग्रजी करार कायदा गायकवाडी मुलखाला, म्हणजे बडोदा संस्थानाला, आपोआप लागू नव्हता, हे विसरू नका. त्यामुळे लाकूड सागाचं की जुनं मोडीतलं, चुना मालकाचा की गवंड्याचा, हे कागदावरच उतरवून घेणं शहाणपणाचं असे. माझ्या मते चुन्याचं कलम सर्वांत महत्त्वाचं. कमी मळलेला चुना पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतो.