कपाटामागचा निळा चौकोन आणि तुमच्या बेडरूमचे रंग

नौपाड्याची:
आमची इमारत पुनर्विकासाला गेली. परवा घर रिकामं करताना लोखंडी कपाट सरकवलं आणि मागे कपाटाएवढाच निळा चौकोन निघाला. बाकी भिंतींवर नंतर डिस्टेंपरचे दोन-तीन हात बसले, तिथे मात्र कुणाचा ब्रश पोचलाच नव्हता.

बाबा दिवाळीआधी चुनकळी भिजवायचे. पिंपात खदखदायला लागली की आम्हाला दारापर्यंत मागे पिटाळायचे, डोळ्यात उडेल म्हणून. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि नीळ. नीळ किती घालायची ते ठरवायला वर्तमानपत्रावर एक फराटा ओढायचे, कारण ओला चुना दिसतो एक आणि वाळल्यावर उजळून होतो भलताच. तो फराटा फुंकून वाळवणं हे माझं काम होतं. चार-चार फराटे फुंकलेत मी. परवा त्या चौकोनावर हात ठेवला तर तळव्याला अजून पूड लागली. तशीच उभी राहिले कितीतरी वेळ.

आता पुढची तीन वर्षं कळव्यात भाड्याने. बेडरूम पांढरीफटक, घरमालकांची अट आहे की भिंतीला रंग नाही आणि खिळाही नाही. लेक बारा वर्षांची आहे, तिला निळी खोली हवी आहे. तुम्ही घरच्या घरी काय काय केलंत ते लिहा ना. फसलेलं पण लिहा.

कोपरखैरणेवाली:
पडदे!! सासूबाईंच्या सुती साड्यांचे केले. साडी उभी कापू नकोस, आडवी लाव. पन्हा 45 इंच, म्हणजे आमच्या सव्वातीन फुटी खिडकीला बरोब्बर पुरला. खालचा काठ आपोआप झालर होतो, वरचा काठ तीन इंच दुमडून रॉड घालायचा. वरच्या दुमडीची आणि कडेच्या दोन शिवणी सोडल्या तर काही शिवायचं नाही. एका साडीत दोन खिडक्या होतात. पदर बाजूला ठेव, उशांचे अभ्रे होतात. कुकर झालाय, बाकी नंतर.

मोगरा:
भाडं वेळेवर येतंय ना बिल्डरकडून? आमचं चार महिने अडकलं होतं. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स स्वतःकडे ठेव गं.

नौपाड्याची:
@मोगरा सध्या येतंय. ठेवल्यात फाइलमध्ये.

घोडबंदरकर:
फसलेलं माझ्याकडे आहे. स्वतःच्या घरातलं, बाहेरच्या बाजूची भिंत, ऑगस्ट महिना. बायको बाळंतपणाला माहेरी, म्हटलं येईपर्यंत मोरपंखी करून ठेवू. दोन रविवार राबलो. पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, दोन हात, सगळं रीतसर. गणपतीत पाहतो तर पलंगाच्या उशाशी पुरीएवढे फुगे. बोटाने दाबला तर आतून पाणी आलं. पेंटरकाका म्हणाले, रंग चांगला होता, भिंत ओली होती. ओल आत कोंडली की ती रंगाला ढकलून बाहेर येणारच.
तेव्हापासून आधी फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दिवसभर ठेवतो. मागे दव धरलं की थांबायचं. आमची भिंत बाहेरून भेगा भरल्यावर मार्चमध्ये पुन्हा केली, अजून टिकली आहे.

कळवेकर:
मार्चच. पावसाळ्यात इथे चादर वाळत नाही, भिंत काय वाळणार.

मोगरा:
@घोडबंदरकर मुलगा की मुलगी?

घोडबंदरकर:
मुलगी. आता पाचवीत आहे :)

तलासरीची लेक:
माझं माहेर तलासरीकडचं. 2014 ला पालघर वेगळा झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्हाच. आमच्याकडे लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी वारली चित्र, काढतात. काढतात नाही, 'लिहितात' म्हणतात. आई अजून टोकते मला. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, शहरातही सगळीकडे वारली दिसते, पण लग्नाचा चौक मुळात बायकांचा, हे लोकांना माहीत असावं असं मला फार वाटतं.

ऐरोलीत भाड्याच्या घरात मी भिंतीऐवजी प्लायवर केलं. जुन्या पलंगाची फळी होती. गेरू पाण्यात कालवून त्यात डिंक, दोन हात. तांदळाच्या पिठाने लिहिलं तर मुंग्यांनी रांग धरली, म्हणून पुसून पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने पुन्हा लिहिलं. काडी मात्र बांबूचीच, टोक चावून मऊ केलेली. ब्रशने ती रेघ येत नाही. फळी पलंगामागे नुसती भिंतीला टेकवून ठेवली आहे. खिळा नाही, घरमालक खूश.

नौपाड्याची:
@तलासरीची लेक फळी!! हे डोक्यातच आलं नव्हतं. चुना-नीळ लावून बघू का फळीला?

घोडबंदरकर:
चुना प्लायवर धरत नाही, पापुद्रे निघतील. आधी वूड प्रायमर, वर पांढरं डिस्टेंपर, त्यातच नीळ चांगली घोटून मिसळा. आधी नीळ थोड्या पाण्यात कालवून गाळा, नाहीतर ब्रशखाली गुठळी फुटून निळी रेघ उमटते.

नेरूळ पूर्व:
मी चादर रंगवली. उकळत्या पाण्यात रंगाची पुडी आणि मूठभर मीठ. एक चादर सुंदर जांभळी झाली, दुसरी नुसती मळकट. दुसरीत पॉलिस्टर मिसळलेलं होतं, सुतीचा रंग त्याला चढत नाही. लेबल बघून घ्या. आणि नीळ चादरीला वापरू नका, धुण्यात निघून जाते.

कोपरखैरणेवाली:
आले परत. सांगायचं राहिलं, साडी नवी असेल तर आधी धुऊन घे, आटते. आणि पश्चिमेच्या खिडकीला गडद रंग नको. माझी जांभळी एका उन्हाळ्यात चुण्यांच्या जागी विटली, उभे पट्टे पडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला फार लागलं, त्यांची मंगळागौरीची साडी होती ती.

सीवूड्स 48:
सगळं वाचलं. आई शेवटचे सात महिने अंथरुणाला खिळून होती. खोलीत आम्ही फुलं ठेवली, फोटो लावले, पण तिला कूस बदलता यायची नाही, तिला दिसायचं फक्त छत आणि पंखा. एके दिवशी म्हणाली, "वर काहीच नाही रे." त्या रात्री मी आणि बहिणीने तिच्याच जुन्या साड्यांचे वीतभर त्रिकोण कापले, पताकांसारखे. मच्छरदाणीच्या दोऱ्या होत्याच चार कोपऱ्यांत, त्यांच्यावर आडव्या-तिडव्या ओवले. शिवणकाम येत नाही, नुसते दुमडून स्टेपल मारले. सकाळी तिने एकेक साडी ओळखली. ही कोल्हापूरला घेतलेली, ही तुझ्या मुंजीतली, ही तुझ्या आत्याने दिली आणि मला कधी आवडली नाही. पंखा एकवर ठेवला की हलायच्या. पुढे बोलणं कमी झालं, पण हिरवी हलली की बोट उचलायची.
अजून काढल्या नाहीत. धूळ बसली की उतरवून धुतो, परत लावतो.

मोगरा:
🙏

तलासरीची लेक:
दादा, नका काढू.

कळवेकर:
नीळ सुट्टी कुठे मिळते ठाण्यात? आमच्याकडे बाटलीतलीच आहे.

मोगरा:
जांभळी नाक्याला विचारून बघ. सकाळी जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

नौपाड्याची:
सगळ्यांचे मनापासून आभार. फळी आणली. सीवूड्स दादा, तुमचं लेकीला वाचून दाखवलं, ती आजीच्या साड्या काढून बसली आहे, म्हणजे पताकाही होणार. प्रायमर काल वाळला. आता डिस्टेंपर कालवलंय, वर्तमानपत्रावर तिसरा फराटा ओढलाय, लेक फुंकते आहे. पहिले दोन तिला पसंत नाहीत, "आजोबांचा याहून फिका होता" म्हणते.

घोडबंदरकर:
फळी केवढी? लिफ्टमध्ये मावली?

नौपाड्याची:
सहा बाय चार. नाही मावली. चार मजले जिन्याने, शेजारचा मुलगा आला धरायला.