'सागा'ला मराठीत गाथा म्हणावं का?

ओटीवरची
मामेबहीण रेक्याविकला, आइसलँड विद्यापीठात, व्हायकिंग आणि मध्ययुगीन नॉर्स संस्कृती या विषयात एम.ए. करतेय. दोन वर्षं, 120 क्रेडिटं. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत तिचा चार ओळींचा परिचय द्यायचाय. नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाची. तिथल्या जुन्या कथांना 'सागा' म्हणतात, म्हणून मी लिहिलं, 'ती नॉर्स गाथांचा अभ्यास करते.' तिचा लगेच मेसेज: 'गाथा सोडून काहीही लिही.' आता काय लिहू? महाकाव्यं?

बोरू
बहीण बरोबर आहे. गाथा म्हणजे पद्य, मूळ धातू 'गै', गाणे. तुकोबांची गाथा, हालाची गाथासप्तशती, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या गाथा, सगळं पद्यच. सागा मात्र गद्य. अधूनमधून कडवी येतात, पण गोष्ट पुढे सरकते ती गद्यातून. त्यामुळे महाकाव्यही बाद. शब्द आलाय 'सेग्या' म्हणजे सांगणे या क्रियापदावरून. (सेग्या आणि सांग कानाला जवळचे वाटतात, पण नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवू नये.) आजच्या आइसलँडिकमध्येही सागा म्हणजे गोष्ट आणि इतिहास, दोन्ही.
मला विचाराल तर 'बखर' म्हणा. वंशावळी, हेवेदावे, मारामाऱ्या, आणि खरं कुठे संपून रचलेलं कुठे सुरू झालं ते कळायला मार्ग नाही.

मोडीवाला
बखरीचा मोह पडतो खरा, पण सभासदानं बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, आणि शिवकाळ त्यानं स्वतः पाहिलेला. न्याउलची सागा घ्या. न्याउलला घरासकट जाळलं ते 1010च्या सुमारास, सागा लिहिली गेली 1280च्या आसपास, लिहिणारा अज्ञात. शिवाय न्याउल राजा नव्हे, कायदा जाणणारा शेतकरी. त्या काळच्या आइसलँडला राजाच नव्हता. बांधावरच्या भांडणांची बखर कोण लिहितं?

बोरू
नॉर्वेच्या राजांच्याही सागा आहेत की! त्यांना तरी बखर म्हणू द्या.

मोडीवाला
त्यांना म्हणा. शेतकऱ्यांच्या सागांना मी 'कहाणी' म्हणेन.

ओटीवरची
श्रावणातल्या शुक्रवारची?

मोडीवाला
हसू नका. न्याउलच्या सागेचं शेवटचं वाक्य आहे, 'आणि इथे मी जळालेल्या न्याउलची सागा संपवतो.' 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'चीच ही भावकी. मध्येमध्ये 'असं सांगतात' हेही येतं. फक्त सुफळ काही नाही, निम्मी माणसं शेवटापर्यंत टिकत नाहीत.

खलाशी
थोडं अवांतर. परिचयात 'व्हायकिंग जमात' लिहू नका. जुन्या नॉर्समध्ये 'विकिंग्र' म्हणजे समुद्रावरचा लुटारू, आणि 'विकिंग' ही त्याची मोहीम. दक्षिण स्वीडनमधल्या वेस्त्रा स्त्रूच्या रूनशिळेवर (रून ही तिकडची जुनी लिपी) एकानं आपल्या भावासाठी कोरून घेतलंय की तो उत्तरेकडे 'विकिंगीत' मेला. आपण मुलुखगिरीवर गेला म्हणतो, तसं. म्हणजे तो धंदा होता, जात नव्हे. घरी परतला की तोच माणूस गुरं राखायचा. मूळ शब्दाबद्दल मात्र वाद आहेत. कोणी 'वीक' म्हणजे खाडीशी नेतं, कोणी 'विका' म्हणजे वल्हेकऱ्यांच्या पाळीशी. मला पाळीवाली व्युत्पत्ती पटते, पण मी वल्हं मारलेला माणूस, माझं मत धरू नका.
आणि नॉर्स म्हणजे फक्त नॉर्वेचं नव्हे. डेन्मार्क, स्वीडन, आइसलँड सगळे त्यात आले.

ओटीवरची
सगळं बहिणीला दाखवलं. कहाणीवर खूप हसली, बखर तिला आवडली. पण म्हणाली, 'सागा' तसंच ठेव आणि पुढे 'जुन्या आइसलँडी गद्यकथा' असं लिही. तशी ती सध्या हस्तलिखितं वाचायला शिकतेय. त्याला तिकडे 'हान्द्रित' म्हणतात. हान्द म्हणजे हात, रित म्हणजे लिखाण. निदान इथे तरी आपला शब्द चपखल बसला!
फ्लातेयारबोक नावाच्या एका ग्रंथाच्या पानांसाठी शंभरावर वासरांची कातडी लागली, हे मात्र स्मरणिकेत घालू नकोस म्हणाली. आजी वाचते.