डिस्टिलेशनमध्ये थर्मामीटर कमी दाखवतोय, अर्जंट मदत हवी आहे

निळीवाफ: उद्या प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, आत्ता लॅबमध्येच आहे आणि रीडिंग काही केल्या बरोबर येत नाहीये, थेंब मस्त पडतायत पण थर्मामीटर ४८ च्या वर जातच नाही, मग मधेच ४० च्या खाली उतरतो आणि नंतर एकदम चढायला लागतो. थर्मामीटर गेलाय का? लवकर सांगा प्लीज.

सह्यगिरी: अहो पण डिस्टिलेशन कशाचं?

निळीवाफ: ॲसिटोन आणि टोल्युइन, दोन द्रवांचं मिश्रण उकळून वेगळं करायचंय, नेहमीचंच.

जुनाजर्नल: सरळ थर्मामीटर बदला. पाऱ्याचा धागा मधे तुटला की असंच होतं, मी तर म्हणतो डिजिटलच घ्या.

सह्यगिरी: बदलायच्या आधी तपासा तरी, बर्फाच्या पाण्यात ० दाखवतो का बघा. आणि बर्नरवर नाही ना करताय? ॲसिटोनला उघडी ज्योत अजिबात नको.

निळीवाफ: मँटल आहे, विजेवर तापणारं. बर्फात ० बरोबर येतोय.

घाटमाथा: गाव कुठलं? पुण्यात पाणीसुद्धा ९८ च्या आसपासच उकळतं, हवेचा दाब कमी, त्यामुळेच कमी येतंय.

निळीवाफ: पुणेच.

सह्यगिरी: घाटमाथा, उंचीमुळे फार तर दोन अंश जातील हो, ॲसिटोन उकळतं ५६ ला, त्याचे ४८ कसे होतील? थर्मामीटरचा फुगा नक्की कुठे आहे ते सांगा. साइड ट्यूबच्या, म्हणजे बाजूच्या नळीच्या वर असेल तर वाफ त्याला धड न लागताच कंडेन्सरकडे, म्हणजे वाफ गार करणाऱ्या नळीकडे वळते. फुग्याचं वरचं टोक ट्यूबच्या तोंडाच्या किंचित खाली हवं.

वडाचीपारंबी: कंडेन्सरला पाणी खालून द्यायचं, वरून नाही.

जुनाजर्नल: ते कुणी विचारलंय?

अंगणातलीकाकू: असं घरी काढलेलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालतं का हो?

सह्यगिरी: काकू, त्याला वेगळा धागा काढा ना. निळीवाफ, मधे तापमान उतरतं ते चांगलं लक्षण आहे, ॲसिटोन संपलं आणि टोल्युइनची वाफ अजून वर पोचली नाही, तेव्हाच थेंब गोळा होतात ते भांडं बदलायचं. पुढे ते ११० च्या जवळ जाईल, चढायला फार वेळ लागला तर फ्लास्कच्या मानेला फॉइल गुंडाळा.

निळीवाफ: फुगा खाली घेतला, नवीन मिश्रण लावलं, ५४ वर स्थिर आहे!! पण जर्नलमध्ये काय लिहू, ५६ की ५४?

घाटमाथा: ५४ च. म्हटलं होतं ना उंचीचं.

सह्यगिरी: ५४ लिहा आणि शेजारी आजचा हवेचा दाब लिहा, लॅबमध्ये बॅरोमीटर असेल तर त्यावरून घ्या. पुस्तकातला आकडा टाकलात तर सर तोंडी परीक्षेत पहिलं तेच विचारतील.